सहस्रकुंडाला पीळ नाही

"हजार धारा म्हणतेत. असतील. पर पीळ न्हाई," आप्पा म्हणाले. "सगळं सुटं पाणी. पीळ असता तर ह्याचाच दोर झाला असता. जिल्हाच्या जिल्हा बांधून काढला असता."

सहस्रकुंडाच्या धबधब्याविषयी मी ऐकलेले हे एकमेव नवे वाक्य. नांदेडहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे ठिकाण म्हणून त्याची बातमी आमच्या दैनिकात दर पावसाळ्यात येई. पैनगंगा काळ्या खडकांवरून पसरत येते, एकाएकी घळीत कोसळते आणि घळीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. बातमीतले शब्द दरवर्षी साधारण तेच असत. एकदा तर फोटोही आदल्या वर्षीचाच गेला होता. आप्पांनी ती बातमी कधी वाचली नाही. पोळा झाला की येणाऱ्या पहिल्या रविवारी ते स्वतः तिथे जात आणि जाताना घरातल्या भाडेकरूंना जीपमध्ये घालून नेत. नको म्हणण्याची सोय नव्हती.

आप्पा माझे घरमालक. मूळचे उदगीरचे, लिंगायत. नांदेडच्या जुन्या बाजारात त्यांचे दोरांचे दुकान होते. सुतळी, कासरे, दावी, बैलांच्या मुसक्या, विहिरीचे चऱ्हाट, ताडपत्र्या. अंगाने सडपातळ, कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा शर्ट आणि त्या शर्टाच्या खिशात कायम हातभर सुतळी. बोलताना त्यांची बोटे त्या सुतळीला गाठी मारत आणि सोडत. उठून जाताना कधी ती टेबलावर राहून जाई. गाठी सैल असल्या तर स्वारी खुशीत होती असे समजायचे.

गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला प्रश्न असे, "कशाला पायजे?"

"बांधायला" हे उत्तर चालत नसे. "बांधायलाच घेतेत समदे. काय बांधायचं? बैल, बोजा, का पाळणा?" उत्तर पटले नाही तर दोर परत गुंडाळून फळीवर जाई. एकट्याने आलेल्या, घाईत असलेल्या माणसाला ते आधी बसवून घेत, पाणी देत आणि गावाकडची सगळी चौकशी करत. का, ते त्यांनी मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

नायलॉनशी त्यांचे वैर होते. हदगावकडच्या एका शेतकऱ्याशी झालेला संवाद मी दुकानात बसून ऐकला आहे.

"आप्पा, ते हिरवं द्या. नायलॉनचं. तुटत न्हाई म्हणतेत."

"तुटत न्हाई. मला ठावं हाय. सुटतं."

"म्हंजे?"

"सूत तुटतं, नायलॉन सुटतं. गुळगुळीत असतंय, गाठ धरत न्हाई. त्यात भिजलं की संपलंच. तुटलेलं दिसतं तरी डोळ्याला. सुटलेलं गेल्यावरच कळतंय."

"मग दुकानात ठिवलाव कशाला?"

"तुमी मागताव म्हणून. दाखवायला हाय, इकायला न्हाई."

शेवटी त्यांनी तो दोर विकलाच, पण त्याला वेगळी गाठ कशी मारायची हे शिकवून. शेतकऱ्याला ती येईपर्यंत बाकीची गिऱ्हाइके ताटकळत उभी होती.

खोली देण्याआधी त्यांनी माझीही परीक्षा घेतली होती. नोकरी, गाव, लग्न यांतले काही विचारले नाही. हातात सुतळी दिली आणि खिडकीच्या गजाला बांधायला सांगितली. मी बांधली. त्यांनी एक टोक ओढताच ती सुटली; मग तशीच गाठ परत मारून त्यांनी ती गजालाच राहू दिली.

"सुरगाठ," आप्पा म्हणाले. "निरगाठवाला भाडेकरू निघता निघत न्हाई. नखं मोडली तरी सुटत न्हाई. सुरगाठवाला टिकत न्हाई. तुमी टिकायचं न्हाईत." आणि खोलीची किल्ली दिली. टिकणार नसलेल्या माणसाला खोली का, असे मी नंतर कधीतरी विचारले. ते म्हणाले, "लवकर जाणारा भितीला खिळे ठोकत न्हाई."

मला ते 'पेपरवाले' म्हणत. खालच्या मजल्यावर किनवटकडची एक परिचारिका राहत असे, ती 'सिस्टरबाई'. आमच्या दैनिकाच्या गठ्ठ्याची सुतळी ते दर सकाळी मागून घेत आणि तपासत. "पेपरवाले, गाठ ढिली हाय. आतली बातमी बी ढिलीच असंल." पुष्कळदा ते खरे असे.

नकार द्यायचा तर ते कानडीत देत: "बेडा." नको. उदगीरकडची सवय. मराठीतल्या 'न्हाई'वर त्यांच्याशी वाद घालता येई, 'बेडा'वर नाही. हे सगळ्यांना माहीत होते, त्यांच्या पत्नीला सगळ्यात जास्त.

त्यांना आम्ही अक्का म्हणत असू. ठेंगण्या, भरभर बोलणाऱ्या. दोरांच्या व्यापाऱ्याला त्या वचकून नव्हत्या. "लोकांच्या गाठी बगत हिंडतेत," त्या आमच्यादेखत म्हणत, "आन् घरात पायजमा नाडीबिगर पडून हाय. इचारा की, दोरवाल्याच्या घरी नाडी का न्हाई म्हणून." आप्पांच्या सुतळीची गाठ तेवढी घट्ट होई.

दोघांच्या गळ्यात लिंग होते. चांदीच्या लहान डबीत ठेवलेले आणि शिवदारात, म्हणजे जाड सुती दोऱ्यात, ओवलेले. आप्पा रोज अंघोळ झाली की ओसरीवर बसत, लिंग डाव्या तळहातावर घेत आणि ते परत डबीत जाईपर्यंत कुणाशी बोलत नसत. त्याआधी पाणीही नाही. अक्कांची पूजा स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून, आटोपशीर. सिस्टरबाईंनी एकदा सहज आप्पांना विचारले, बघू का कसे असते. आप्पा रागावले नाहीत. "दुसऱ्याच्या डबीत बगू न्हाई," एवढेच म्हणाले. "माझ्या बायकोच्या डबीत मी बगितलो न्हाई कधी. ज्याचं त्याचं असतंय ते."

दर श्रावणात दोघांचे शिवदार बदलत. तो दिवस मी पाहिला आहे. अक्का ओट्यावर पाठमोऱ्या बसत. आप्पा नवा दोरा डबीच्या कड्यांतून ओवत, मानेमागे निरगाठ मारत, ओढून पाहत, पुन्हा ओढून पाहत. डबी उघडण्याचा प्रश्न नसे. "आवरा की," अक्का म्हणत, "तिकडं भाकर करपायली." नंतर ते स्वतःचा बांधत. तो कुणाला बांधू देत नसत.

आणखी एक नियम होता. ज्याच्या गळ्यात लिंग नाही त्याच्या हातचे शिजवलेले आप्पा खात नसत. त्याची ते चर्चा करत नसत, कुणाला कमीही लेखत नसत; पण मोडत नसत. माझ्या खोलीत ते बसायला येत, तासभर बोलत, चहा घेत नसत. केळे घेत.

ज्या वर्षाबद्दल सांगायचे आहे त्या वर्षी आप्पांच्या मानेला उन्हाळ्यापासून पुरळ उठले होते. त्यांना साखरेचा आजार होता, जेवणाआधी इन्सुलिन लागे, त्यामुळे काहीही उठले की लवकर बरे होत नसे. घामाने सुती दोरा भिजे आणि तिथेच घासे. डॉक्टरांनी मान कोरडी ठेवा म्हणून सांगितले. अक्कांनी त्यातून मार्ग काढला.

"शिवदार काढा म्हणत न्हाई मी. दोरा बदला म्हणते. दुकानात पांढरं नायलॉन हाय की बारीक. भिजत न्हाई, घासत न्हाई."

"बेडा."

"मग सडू द्या मान."

श्रावण आला तेव्हा पुरळाच्या जखमा झाल्या होत्या. सिस्टरबाईंनीही अक्कांची बाजू घेतली. अक्कांच्या गळ्यात नेहमीप्रमाणे सूत बांधून झाल्यावर आप्पांनी स्वतःसाठी पांढरे नायलॉन कापले. 'बेडा' मागे घेतल्याचा हा मला माहीत असलेला पहिला प्रसंग. गाठ मात्र निरगाठच मारली. गिऱ्हाइकांना शिकवायची ती वेगळी गाठ का मारली नाही, हे सांगता येत नाही. शिवदाराला निरगाठच मारायची असते, असे त्यांच्या बोटांना वाटले असावे.

पोळ्यानंतरच्या रविवारी जीप निघाली. पुढे आप्पा आणि ड्रायव्हर सलीम, मागे अक्का, सिस्टरबाई, मी आणि जेवणाची टोपली. भोकरच्या पुढे सोयाबीन पिवळे पडायला लागलेले दिसत होते.

"कडक भाकरी घेतलीस न्हवं?" आप्पांनी पुढून विचारले.

"घेतली. धपाटे हायेत, शेंगाची चटणी हाय, भरल्या वांग्याची भाजी हाय, दही हाय. नाडी तेवढी राहिली."

सलीम हसला. आप्पा म्हणाले, "सलीम, रस्ता बग."

"रस्ताच देखतूं अप्पा. नाडी कू कौन देखता."

धबधब्यापाशी महादेवाचे मंदिर आहे. बहुतेक लोक आधी तिथे जातात. सिस्टरबाईही गेल्या. आप्पा कधी जात नसत. "माझा देव माझ्यासंगं आलाय," ते म्हणत. "त्याला दुसऱ्याच्या घरी कशाला नेऊ? त्यो काय पावणा हाय?" ते वरच्या अंगाच्या सपाट खडकांवर बसत, जिथे नदी लहान लहान प्रवाहांत फुटून खडकातल्या भेगांमधून धावते आणि मग पुढे एकदम खाली जाते. तिथे बसून त्या वर्षीही त्यांनी पाण्याला पीळ नसल्याचे सांगितले.

सिस्टरबाई परत आल्यावर त्यांनी आप्पांना इन्सुलिनचे इंजेक्शन दिले. ते दरवर्षीचेच होते. "आता जेवायला बसा, वेळ नका घालवू," त्या म्हणाल्या. अक्का खडकावर चादर पसरत होत्या. आप्पा हातपाय धुवायला जवळच्या डबक्याकडे गेले, जिथून पाणी एका भेगेत उतरत होते. ते वाकले, ओंजळीने तोंडावर पाणी घेतले. मान भिजली.

मी दैनिकासाठी फोटो काढत होतो, त्यामुळे त्यांच्याकडे पाहत होतो. शर्टाच्या गळ्यातून पांढरा दोरा सरकन बाहेर आला. डबी खडकावर आपटली, पण पाण्याच्या आवाजात ते ऐकू आले नाही. ती घसरत गेली आणि भेगेत शिरली. आप्पांचा हात छातीवर आला आणि तिथेच राहिला.

दोरा काठावर पडला होता. तो अखंड होता. तुटला नव्हता.

सलीमने चपला काढल्या. "अप्पा, मैं उतरतूं. इधर गहरा नै है."

आप्पांनी जीपमधून दोर आणायला लावला. त्यांच्या जीपमध्ये दोर नेहमीच असे, सुती. सलीमच्या कमरेला त्यांनी स्वतः गाठ मारली, ओढून पाहिली, दुसरे टोक एका सुळक्याला गुंडाळून आपल्या आणि माझ्या हातात घेतले. सलीम भेगेत उतरला. पाणी छातीपर्यंत आले. तो हाताने चाचपडत पुढे सरकला. मग एकदम दोर ताणला.

"अंदर पानी खींच रा है अप्पा. नीचे से रस्ता है उसकू."

"वर ये."

"और एक बार देखतूं ना."

"वर ये म्हणतो!" आप्पा ओरडले. त्यांना ओरडताना मी तोपर्यंत ऐकले नव्हते. "माणूस घालवून देव काढायचा न्हाई."

सलीम वर आला. आप्पांनी त्याच्या कमरेची गाठ सोडली, दोर गुंडाळला, चादरीपाशी येऊन बसले. अक्कांनी ताट पुढे केले.

"बेडा," आप्पा म्हणाले.

गळ्यात लिंग नसताना अन्नपाणी घ्यायचे नाही, हा त्यांच्या घरातला नियम होता आणि त्यांनी तो कधी सैल केला नव्हता. उदगीरला त्यांच्या गुरूंचा मठ होता. तिथे जायचे, स्वामींच्या हातून नवे लिंग घ्यायचे, मग जेवायचे. नांदेडला पोचून उदगीर गाठायला दुसरा दिवस उजाडणार होता.

"उद्या खाईन," ते म्हणाले. "तुमी जेवा."

"आप्पा, तुम्ही काय करून राहिले?" सिस्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "इंजेक्शन आत गेलंय. ते बाहेर काढता येत नाही. थोड्या वेळात साखर उतरायला लागेल. खाल्लं नाही तर बेशुद्ध पडाल. इथून किनवटला नेईपर्यंत काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"बेडा."

"निदान साखर तरी. चिमूटभर."

"बेडा, सिस्टरबाई."

सलीम जीप सुरू करायला गेला. मी फोन काढला, रेंज नव्हती. शेजारच्या खडकावर एक कुटुंब फोटो काढत होते आणि घळीकडे पाठ करून हसत होते. अक्का काठावरचा नायलॉनचा दोरा उचलून आणून चादरीवर बसल्या होत्या. तो घाला म्हणून त्यांनीच सांगितले होते.

आप्पांनी सवयीने खिशातली सुतळी काढली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि विभूतीचे पट्टे ओघळायला लागले होते. त्यांनी सुतळीचा फास केला, टोक त्यातून ओवायला घेतले. टोक बाजूने गेले. परत घेतले. परत बाजूने गेले. ते सुतळीकडे पाहत राहिले, जणू ती दुसऱ्या कुणाची आहे.

अक्कांनी ते पाहिले. त्यांनी पदराखालून आपली डबी बाहेर काढली, उघडली आणि आप्पांच्या समोर तळहातावर उलटी केली.

तळहातावर चिंचोका पडला. काळसर, गुळगुळीत, वापरून चकचकीत झालेला.

आप्पांना ते काय आहे हे कळायला वेळ लागला. आम्हालाही लागला.

"लिंग?" ते म्हणाले.

"न्हाई."

"कवापासून?"

"पोरीच्या टायमाला. दवाखान्यात डबी काढून ठिवायला लावली. परत घातली तवा आत काय न्हवतं."

ती मुलगी आता स्वतः एका मुलाची आई होती.

"बोलली न्हाईस."

"बोलले असते तर माझ्या हातचं खाल्लं असतंव का?"

आप्पांनी ताटातल्या भाकरीकडे पाहिले.

"तवापासून माझ्याच हातचं खाताव," अक्का म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. हिशोब सांगितल्यासारख्या सांगत होत्या. "रोजची भाकर. सणाची पोळी. नैवेद्य बी मीच केला. काय झालं तुमाला? काय झालं देवाला? आता उद्यापासून खायचं नसंल तर नका खाऊ माझ्या हातचं. मी उदगीरला भावाकडं जाते. पर आज खावा."

सिस्टरबाई घड्याळाकडे पाहत होत्या. त्यांनी साखरेची पुडी अक्कांच्या पुढे सरकवली आणि त्या मागे झाल्या.

"चिंचोका कशाला?" आप्पांनी विचारले. त्यांची जीभ जड झाली होती.

"रिकामी डबी हलकी लागती. तुमी गाठ मारताना कळलं असतं तुमाला."

आप्पांनी हात पुढे केला. आधी मला वाटले साखरेसाठी. त्यांनी अक्कांच्या तळहातावरचा चिंचोका उचलला, पाहिला आणि मूठ मिटली. मग तोंड उघडले. अक्कांनी चिमूट चिमूट साखर त्यांच्या तोंडात घातली. नंतर कडक भाकरीचा तुकडा दह्यात बुडवून दिला. तो त्यांनी चावून खाल्ला. मग दुसरा. सिस्टरबाईंनी सलीमला जीप बंद करायला सांगितले.

बऱ्याच वेळाने, बोटे ताळ्यावर आल्यावर, आप्पा म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं मी चिंचोक्याला गाठ मारून राहिलो."

"गाठ पक्की होती की," अक्का म्हणाल्या.

"पक्कीच असणार. सूत होतं."

परतताना हिमायतनगरच्या पुढे अक्का सिस्टरबाईंच्या खांद्यावर डोके टेकून झोपल्या. चिंचोका आप्पांच्या मुठीत होता. पुढे त्याचे काय झाले, याची चौकशी त्या दिवशी कुणी केली नाही.

त्याच आठवड्यात दोघे उदगीरला जाऊन आले. अक्का भावाकडे राहिल्या नाहीत. परत आल्या तेव्हा दोघांच्या गळ्यात नवे सुती शिवदार होते. आप्पांच्या मानेवर दोऱ्याखाली सिस्टरबाईंनी मलमपट्टीची पातळ घडी ठेवून दिली. हा उपाय आधी कुणाला सुचला नव्हता. घरात बोलणे पूर्वीसारखे चालू झाले. नाडीचा विषय निघत राहिला. दुकानात नायलॉन दाखवायला होते तसेच राहिले. एक बदल मात्र नोंदवण्यासारखा होता. एका संध्याकाळी आप्पा माझ्या खोलीत आले, खुर्चीत बसले, खिशातून सुतळी काढली आणि म्हणाले, "चहा टाका, पेपरवाले." मी टाकला. त्यांनी घेतला. साखर नव्हती त्यात, तरी म्हणाले, "ग्वाड हाय."

पुढे माझी बदली लातूरच्या कार्यालयात झाली. खोली सोडताना आप्पांनी खिडकीच्या गजाकडे बोट दाखवले. परीक्षेच्या दिवशीची सुतळी अजून तिथे लोंबत होती. "बगा, सुरगाठ," ते म्हणाले. आप्पांनी सांगितल्यापेक्षा मी जास्त टिकलो होतो, हे त्यांना मान्य नव्हते.

आप्पा गेल्याचा फोन सिस्टरबाईंनी केला. लातूरहून मी पोचलो तेव्हा त्यांना ओसरीवर, पूजेला बसायच्या त्याच जागी, मांडी घालून बसवले होते. लिंगायतांमध्ये दहन नसते. बसवून समाधी देतात. पाठीला फळी होती. फळीला बांधायला कुणीतरी शेजाऱ्याने नायलॉनचा दोर आणला.

"बेडा," अक्का म्हणाल्या.

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. दुकानातून सूत आणवले गेले.

उदगीरहून स्वामी आले होते. आप्पांचे लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवायचे होते. स्वामींनी शिवदाराला हात घातला, गाठ सुटेना. शेवटी दोरा तसाच ठेवून त्यांनी डबी उघडली. आधी लिंग निघाले. ते त्यांनी आप्पांच्या तळहातावर ठेवले. मग डबी बंद करताना ते थांबले, बोट आत घातले आणि आणखी काहीतरी बाहेर काढून उजेडात धरले.

"हे काय आहे? चिंचोका?"

जमलेले लोक एकमेकांकडे पाहू लागले. मुलगी पुढे झाली; तिला काही माहीत नव्हते. सिस्टरबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि मान फिरवली.

"ते माझं हाय," अक्का म्हणाल्या. "द्या इकडं."

स्वामींनी तो त्यांच्या हातात दिला. अक्कांनी चिंचोका पदराच्या टोकात ठेवला, टोक पिळले, गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. निरगाठ होती.